धरणगावची ओकॅमलवाली

सुलक्षणा घरी बसून नेमकं काय करते, हे धरणगावात कोणालाच नीट सांगता यायचं नाही. तिच्या आईलाही नाही. शेवंताबाईंना कोणी विचारलंच तर त्या म्हणायच्या, "कॉम्प्युटरवर काम करस. पुनानी कंपनी शे." एवढ्यावर विचारणारीचं भागायचं, कारण तिला खरं तर पुढचाच प्रश्न विचारायचा असायचा. सदतिशी गाठली, अजून लग्न कसं नाही?

सुलक्षणा दहा-बारा वर्षं पुण्यात होती. तिथल्या एका लहानशा कंपनीत पाच-सहा जणांची टोळी होती आणि ती टोळी सगळं काम ओकॅमल नावाच्या भाषेत करायची. संगणकाला काम सांगायच्या भाषा ढीगभर आहेत, पण जग वापरतं त्यातल्या चार-दोनच. ओकॅमल त्या चार-दोनातली नव्हे. फ्रान्सकडे जन्मलेली, उंटाचं चित्र मिरवणारी, थोडक्या लोकांची भाषा. पण ज्याला ती लागली त्याला लागली. सुलक्षणाला लागली. का, ते तिला कधी धड सांगता आलं नाही, आणि त्या टोळीत सांगावंही लागत नव्हतं. दुपारी चहाच्या टपरीवर एखाद्या चार ओळींच्या तुकड्यावरून असा वाद पेटायचा की शेजारच्याला वाटावं, यांची बांधावरून भांडणं चाललीत.

मग कंपनी विकली गेली. नव्या मालकांना उंट नको होता. टोळी पांगली. एक जण बंगळूरला गेला, एक जर्मनीला, अमृत नावाचा तिचा जवळचा दोस्त पुण्यातच राहिला पण सगळं जग वापरतं त्या पायथन भाषेकडे वळला. त्याच वर्षी सुलक्षणाचे वडील गेले. भाऊ सुरतला कापड बाजारात, त्याचा संसार तिकडेच रुजलेला. आईचे गुडघे धरले होते. पुण्याला चल म्हटलं तर शेवंताबाई म्हणायच्या, "तठे मले कोन वळखस?" शेवटी सुलक्षणाच परत आली. एका दुसऱ्या कंपनीचं काम घरून मिळालं, दुकानांच्या वेबसाइटींची डागडुजी करायचं. त्याने पोट भरत होतं.

जुन्या टोळीचा व्हॉट्सॲप ग्रुप पहिलं वर्षभर गजबजलेला होता. मग त्यावर नुसते वाढदिवस उरले. आणि मग वाढदिवसही एखाद्याच्या लक्षात राहायचे, एखाद्याचे नाही.

धरणगाव कापसाचं. दिवाळीनंतर जिनिंगा सुरू झाल्या की गावाच्या कडेने दिवसभर एक घरघर चालू असते आणि रस्त्यालगतच्या बाभळींना कापूस लटकतो. कापसातून रुई निघते आणि मागे सरकी राहते. सरकीचे डोंगर शेडमध्ये पडतात. सरकी जरा ओली असली तर ढिगाच्या पोटात आपोआप तापू लागते. वरून हात लावा, गार. आत मात्र धग. सुलक्षणाच्या वडिलांच्या दोस्ताचा मुलगा योगराजभाऊ याची जिनिंग होती, आणि एका साली त्याचा एक आख्खा ढीग असाच आतल्या आत काळा पडला होता.

"ताई, तुम्ही कॉम्प्युटरवाल्या," योगराजभाऊ एकदा घरी येऊन म्हणाला, "ढिगाच्या पोटात काय चाललंय ते आधी कळेल असं काही करता येतं का?"

सुलक्षणाने केलं. लांब लोखंडी नळ्यांच्या टोकांना तापमान मोजणारे तुकडे बसवले, त्या नळ्या ढिगांत खुपसल्या, आणि त्यांचे आकडे जिनिंगच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर जमा होतील असं केलं. ते जमा करणारा प्रोग्रॅम तिने ओकॅमलमध्ये लिहिला. कोणत्या भाषेत लिहा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. लिहिताना ती जेवायचं विसरली, हे ती परत आल्यापासून पहिल्यांदाच झालं.

हंगाम संपला. आकड्यांचाही ढीग झाला. योगराजभाऊ पडद्यासमोर वाकून म्हणाला, "आकडे भरपूर झाले ताई. पण ते सांगतात काय?"

प्रश्न रास्त होता. आकडे नुसते पाहून काही कळत नाही. कोणता ढीग कोणत्या दिवशी किती तापला, तो माल आला तेव्हा किती ओला होता, हे दोन तक्ते एकमेकांना जोडायचे, ढिगावार गट पाडायचे, सरासऱ्या काढायच्या. असल्या कामाची हत्यारं कोणी ना कोणी आधीच घडवून ठेवलेली असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. पायथनमध्ये अशा लायब्रऱ्यांची रास आहे.

तिने अमृतला फोन केला.

"अगं पायथनमध्ये कर," तो म्हणाला. "दुपारच्या आत होईल."

"सगळं ओकॅमलमध्ये आहे माझं. आणि पुढच्या हंगामात त्याच प्रोग्रॅममधून सूचना द्यायचीय, ढीग तापतोय म्हणून. दोन-दोन भाषा कशाला सांभाळू?"

"कारण दोन नाही सांभाळायच्या, एकच सांभाळायची. सुलू, तू अजून त्याच्यातच आहेस का?" तो हसला. वाईट मनाने हसला नव्हता. पण ती विषय बदलून त्याच्या मुलीच्या शाळेचं विचारू लागली.

पायथनमध्ये तिने करून पाहिलं, नाही असं नाही. झालंही अर्धं. पण ते दुसऱ्याच्या घरात स्वयंपाक केल्यासारखं वाटत राहिलं. डबे सगळे भरलेले, पण मीठ कुठे ते दरवेळी विचारावं लागायचं. आणि आपला हट्ट आहे हेही तिला कळत होतं. ही भाषा सोडली तर पुण्यातल्या त्या टपरीवरचं काहीच आपल्याकडे उरणार नाही, असं तिला वाटत असावं. तिने ते स्वतःशीही कबूल केलं नाही.

मग ती शोधायला लागली. ओकॅमलच्या लायब्रऱ्यांचं एक मोठं भांडार इंटरनेटवर आहे, ते तिने धुंडाळलं. एक भारी लायब्ररी मिळाली, पण ती मोठमोठ्या गणितांसाठी होती, तक्ते जोडायला उपयोगाची नव्हती. दुसरीचा लेखक ती निम्मी लिहून दुसरीकडे गेला होता. तिसरी नव्या ओकॅमलवर उभीच राहीना. या भाषेची माणसं जिथे जमतात त्या इंटरनेटवरच्या चावडीवर तिने प्रश्न टाकला, की तक्त्यांच्या कामासाठी तुम्ही काय वापरता? चार दिवसांनी एक उत्तर आलं. लिहिणारा ब्राझीलचा होता. त्याने लिहिलं होतं, "तुम्हाला सापडलं तर मलाही कळवा."

त्यानंतर कधीतरी, भांडाराच्या अगदी तळाशी, तिला एक लायब्ररी दिसली. नाव रोमन अक्षरांत: vafa. सहा-सात वर्षांत कोणी हात न लावलेली. हे नाव अरबी-फारसी असेल असं तिला वाटलं. माहितीचं पान जेमतेम अर्धं. तिने ती उतरवून घेतली आणि आत काय आहे ते उघडून वाचू लागली.

तक्त्यातल्या ठरावीक ओळी निवडायच्या तर जो शब्द वापरायचा, तो होता kothe. तिला तो जपानी वाटला. दोन तक्ते जोडायचे तर jodi. आणि काही न गाळता सगळ्याच्या सगळ्या ओळी घ्यायच्या तर bathha.

सुलक्षणा थांबली. तिने तो शब्द पुटपुटला. मग मोठ्याने म्हटला. "बठ्ठा." आई रोज 'सगळा' या अर्थी म्हणते तोच शब्द. मग मागे जाऊन आधीचा वाचला. कोठे. आणि त्या लायब्ररीचं नाव वफा नव्हतंच. वाफा होतं. शेतातला वाफा.

ती इतक्या जोराने हसली की ओसरीवर लसूण सोलत बसलेल्या शेवंताबाईंनी विचारलं, "फोन कोनना शे व?"

"कोनना नही," ती म्हणाली.

नमुन्यादाखल एक तक्ता जोडलेला होता, पावसाचा. गावांची नावं धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा. लेखकाचं नाव प्रेमराज भदाणे. खाली धुळ्याच्या एका कॉलेजचा ईमेल पत्ता. कापडण्याला मामाच्या घरी, धुळ्याच्या बाजारात, एसटीत कानावर पडणारे शब्द कुणीतरी उचलून या भाषेत पेरले होते, आणि ती सगळं जग शोधून इथे येऊन पोचली होती.

तिने त्याच दिवशी ईमेल लिहिला. लांबलचक झाला म्हणून निम्मा खोडला. तो पाठवल्या पाठवल्या परत आला, असा पत्ता अस्तित्वात नाही म्हणून.

वाफा मात्र कामाला आला. थोडी मोडतोड करून तिने तो नव्या ओकॅमलवर उभा केला. शब्द ओळखीचे, बेतशीर, आणि लिहिणाऱ्याचा हात स्वच्छ. फक्त एका ठिकाणी घोळ निघाला. गेल्या हंगामात मागच्या शेडमधला एक ढीग गरम लागला म्हणून योगराजभाऊने तो पसरवून टाकला होता, हे सुलक्षणाला पक्कं आठवत होतं. आणि वाफ्याच्या हिशेबात तोच ढीग सगळ्यांत थंड. खणत गेल्यावर कळलं, की त्या ढिगातली तार उंदराने कुरतडली होती, म्हणून मधले बरेच आकडे आलेच नव्हते, आणि वाफा प्रत्येक रिकामी जागा शून्य धरून सरासरी काढत होता.

दुरुस्ती तिची तिला करता आली असती. खरं तर तिने ती मनात केलीच होती. पण तिने त्या कॉलेजच्या ऑफिसात फोन लावला.

"भदाणे सर?" पलीकडचा क्लार्क म्हणाला. "ते कधीच गेले सोडून. तासावर होते ना, पुढे बोलावणं आलं नाही. साक्री रोडला सरकीच्या ढेपेचं दुकान आहे त्यांचं. माझ्या म्हशींना ढेप मी तिथूनच नेतो."

"धुयाले जाई ऱ्हायनू," तिने आईला सांगितलं.

"कसाले?"

"काम शे."

अमळनेरला एसटी बदलून ती धुळ्याला पोचली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. पावसाळा सरत आला होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी कमरेएवढी. रिक्षावाल्याने तिला साक्री रोडला एका शटरसमोर सोडलं. आत ढेपेची पोती थप्पी लावून ठेवलेली, सरकीच्या तेलकट वासाने दुकान भरलेलं. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ढकललेला एक माणूस खाली बसून पोत्याचं तोंड सुतळीने शिवत होता.

"किती पोती?" त्याने मान वर न करता विचारलं.

"पोती नकोत. तुम्ही प्रेमराज सर ना? मी वाफ्याबद्दल आले होते."

"शेती भावाकडे आहे. वाटणीचं त्याच्याशी बोला."

"शेतातला नाही, सर. ओकॅमलमधला."

सुई पोत्यात अर्धी गेलेली तशीच राहिली. त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागे रस्त्याकडे, तिच्याबरोबर आणखी कोणी आहे का ते पाहिल्यासारखं.

"कोणी पाठवलं तुम्हाला?"

"कोणी नाही. मला सापडला तो. मी वापरते."

"वापरता," तो म्हणाला. मग उठला, एका स्टुलावरची रिकामी पोती खाली टाकली, फडक्याने स्टूल पुसलं आणि मागच्या दाराकडे पाहून हाक मारली, "अगं, चहा ठेव. पाव्हनी उनी."

त्याची बायको बेबाबाई मागच्या घरातून चहा घेऊन आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभीच राहिली. सुलक्षणाने जिनिंग, ढीग, नळ्या सगळं सांगितलं. प्रेमराज सर ऐकत होते. मधूनच त्यांच्या तोंडून "हां, हां" निघायचं. तिने लॅपटॉप उघडून त्यांचाच कोड त्यांच्यापुढे धरला. ते बराच वेळ पाहत राहिले. बोट वर-खाली फिरलं.

"हे मी लिहिलंय?"

"हो."

"मला वाचता येत नाहीये." ते ओशाळून हसले. मग बोट एका जागी थांबलं. "कोठे. हे आठवतं."

"हे शब्द कसे सुचले, सर?"

"कसे म्हणजे? एकटाच होतो. इंग्रजीत कोणासाठी लिहायचं?" त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला. "दक्षिणेत एम.टेक. केलं, तिथे एक मास्तर ही भाषा शिकवायचे. वेड लावलं त्यांनी. इकडे आलो, पोरांना दाखवली. पोरं म्हणायची, सर, याला नोकरी आहे का? नव्हती. खोटं कसं सांगू? मग घरीच लिहीत बसायचो."

"एकलाच हासे खोलीमा," बेबाबाई चौकटीतून म्हणाल्या. "मी म्हनू, हाऊ येडा व्हई जाई."

"कोणी वापरलं का कधी?" सुलक्षणाने विचारलं आणि विचारल्यावर तिला वाटलं, नको होतं विचारायला.

"फिनलंडच्या एकाने पत्र लिहिलं होतं. एक चूक दाखवली. मी रातोरात दुरुस्त केली, त्याला कळवलं, आणखी काही लागलं तर सांगा. त्याला काही लागलं नाही." ते सुतळी बोटाला गुंडाळत होते. "किती जणांनी उतरवून घेतलं त्याचा एक आकडा दिसतो ना तिथे, तो रोज बघायचो. कधीकधी तो हलायचा. एका आठवड्यात तर बराच वाढला. हिला पेढे आणले मी. नंतर कळलं, माणसं नव्हती ती. सगळी भांडारं आपोआप चाळत फिरणारी यंत्रं असतात, ती येऊन गेली होती."

सुलक्षणाने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. मग तिने येण्याचं निमित्त काढलं, त्या रिकाम्या जागांचं.

"शून्यच धरायचं ना," सर लगेच म्हणाले. "पावसाच्या तक्त्यात जागा रिकामी, म्हणजे त्या दिवशी पाऊस नाही. तलाठी शून्यसुद्धा लिहीत नसे."

"पण माझ्याकडे जागा रिकामी म्हणजे उंदराने तार खाल्ली."

सर तिच्याकडे बघतच राहिले आणि मग असे हसले की बेबाबाईही हसायला लागल्या. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "तुम्हीच करा दुरुस्त. घेऊन टाका सगळं. माझा पासवर्ड कुठे आहे देव जाणे, आणि ज्या नंबरवर तो विचारता येईल तो नंबरही बंद झाला. वेगळ्या नावाने तुमचं काढा. आणि माझं नाव काढून टाका त्यातून."

"ते काढता येत नाही, सर. वापरायची परवानगी ज्या कागदात आहे त्यातच तसं लिहिलंय. लेखकाचं नाव ठेवावंच लागतं."

"कोणी लिहिलंय तसं?"

"तुम्हीच."

तेवढ्यात दुकानासमोर एक रिक्षाटेम्पो येऊन थांबला, दहा पोती ढेप न्यायला. सर उठले. पोती उचलून देताना त्यांना धाप लागत होती. सुलक्षणाने लॅपटॉप पिशवीत घातला, बेबाबाईंना नमस्कार केला, सरांना आपला नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. त्यांनी ती खिशात घातली आणि टेम्पोवाल्याशी बोलता बोलता मान हलवली.

परतीच्या एसटीत तिला खिडकी मिळाली. आपण काय मिळवायला गेलो होतो, हे ती स्वतःला विचारत राहिली. भेटलेल्या माणसाने ती भाषा केव्हाच टाकून दिली होती. तिच्या मनात मात्र अमळनेर येईपर्यंत त्यांच्याशी बोलणं चालूच होतं.

त्या हंगामात तिने सगळं नव्याने मांडलं. आकडा आलाच नाही तर त्याआधीचा आकडा तिथे भरायचा, अशी दुरुस्ती तिने केली. लायब्ररीला नाव दिलं 'नवा वाफा' आणि ती त्याच भांडारात ठेवली. शब्द सगळे तेच ठेवले. ब्राझीलच्या त्या माणसालाही कळवलं. त्याचं उत्तर आलं नाही.

आणि त्या आकड्यांतून हळूहळू एक गोष्ट दिसू लागली. उन्हाकडच्या भिंतीलगतचे ढीग दिवसा तापायचे आणि रात्री निवायचे. त्यांचं भय नव्हतं. भय त्या ढिगाचं, जो रात्रीही निवत नाही.

जानेवारीतल्या एका दुपारी तिच्या फोनवर तिच्याच प्रोग्रॅमची सूचना आली. आडव्या शेडमधला, कोपऱ्यातला ढीग. ती जिनिंगवर पोचली तेव्हा योगराजभाऊ ढिगावर चढून कोपरापर्यंत हात खुपसून उभा होता.

"गार लागतोय, ताई."

"आत नाही गार. उकरा."

योगराजभाऊ क्षणभर घुटमळला. ढीग उकरायचा म्हणजे चार माणसांचं दिवसभराचं काम. मग त्याने कामावरच्या धुरपदाबाईला आणि दोघा-तिघांना बोलावलं. फावडी चालू झाली. बराच वेळ काही नाही. मग धुरपदाबाई एकदम मागे सरली. "वं माय! वाफ निंघी ऱ्हायनी!" ढिगाच्या पोटातून पांढरी वाफ वर आली आणि शेडभर आंबूस वास पसरला. आतली सरकी एकमेकीला चिकटून तांबूस-काळी पडायला लागली होती. पण थोडीच. पसरवून टाकल्यावर बाकीचा माल वाचला.

"मानलं ताई तुम्हाला," योगराजभाऊ घाम पुसत म्हणाला. चहा आला. चहा पिता पिता तो म्हणाला, "हे सगळं मला एक्सेलमध्ये मिळेल का? म्हणजे बघायला बरं."

"देते," ती म्हणाली.

घरी जाताना तिला कोणाला तरी सांगायचं होतं. ढीग वाचला ते तर गावभर झालंच होतं. तिला सांगायचं होतं ते वेगळंच, की रात्रीचे आकडे निराळे काढायची युक्ती कशी सुचली, आणि ती अवघ्या सहा ओळींत कशी बसली. तिने जुन्या टोळीच्या ग्रुपवर त्या सहा ओळी टाकल्या. तिघांनी अंगठे दाखवले. अमृतने लिहिलं, "भारी! अजून ओकॅमल?"

मग तिने दुकानाच्या पाटीवरून टिपून घेतलेल्या नंबरावर धुळ्याला फोन लावला. मागे पोती आपटल्याचे आवाज येत होते. तिने थोडक्यात सांगितलं.

"बरं झालं," प्रेमराज सर म्हणाले. "माल वाचला ना. गिऱ्हाईक आहे, ठेवतो."

तिने फोन पलंगावर टाकला आणि आईच्या गुडघ्यांना तेल चोळायला बसली. शेवंताबाईंनी तिला लवकर झोपायला लावलं. त्यांना वाटलं, पोर दमली.

आठवडाभराने एका सकाळी फोन वाजला. ती अंगणात कपडे वाळत घालत होती.

"त्या रिकाम्या जागांचं काय केलंत तुम्ही?" नमस्कार नाही, नाव नाही. ते प्रेमराज सर होते.

"आधीचा आकडा भरला, सर."

"ते चूक आहे."

"का? तापमान काही एकदम बदलत नाही. तासाभरात किती फरक पडणार?"

"तासाभरात नाही पडणार. तुमची तार चार दिवस तुटलेली राहिली तर? चार दिवस तोच आकडा? ढीग आत जळत असेल आणि तुमचा वाफा सांगत बसेल, काही नाही, सगळं कालच्यासारखं आहे." त्यांचा आवाज चढला होता. "जे मोजलंच नाही, ते मोजलं म्हणून सांगायचं नाही. रिकामं ते रिकामंच ठेवायचं."

"मग सरासरी कशी काढू? आणि रिकाम्या जागा ठेवल्या तर jodi मध्ये दोन्हीकडचे दिवस जुळत नाहीत, तिथे प्रोग्रॅम फुटून बंद पडतो."

"फुटू दे. फुटलं तर माणूस जाऊन बघेल तरी. नाही, थांब." त्यांची मराठी आता मागे पडली. "फुटाले नको. तू अश्शी कर, आकडा शे का नही शे, हाईच एक येगळं खानं कर. त्यानं नाव ठेव 'नही'."

"म्हंजे प्रत्येक ठिकाने दोन्ही गोष्टी तपासना पडतीन!" तीही चढली. "दुप्पट काम शे ते!"

"मंग करानं दुप्पट! भाषा काय कामले घिदी तू? हाई तपासाले तर शे ती!"

त्यांचं बरोबर होतं. तिला ते मान्य करायचं नव्हतं, म्हणून तिने jodi चा मुद्दा पुन्हा काढला, आणि त्यावर आणखी बराच वेळ भांडण झालं. ओला टॉवेल तिच्या खांद्यावर होता आणि पाणी पाठीवरून ओघळत होतं. पलीकडे कोणीतरी मका चुनीचा भाव विचारला.

"ऱ्हाऊ दे, गिऱ्हाईक उनं," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

सुलक्षणा तशीच उभी राहिली. कितीतरी वर्षांत तिला कोणी असं चूक म्हटलं नव्हतं. कंपनीतले लोक तिला चूक म्हणत नसत, त्यांना ती काय करते याच्याशी मतलब नव्हता. गाव तिला हुशार म्हणत असे. तिने उरलेले कपडे भराभर वाळत टाकले आणि आत जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत तिने रिकाम्या जागांसाठी वेगळा खाना केला. त्याला 'नही' नाव दिलं. काम दुप्पट झालं, पण बसलं नीट. तिने सरांना मेसेज पाठवला, "तुम्ही म्हणालात तसं केलं." निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नव्हतं.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. तिनेही केला नाही. दोन-तीनदा नंबर काढून पाहिला, पण विचारण्यासारखी अडचणच नव्हती, आणि अडचणीशिवाय काय बोलायचं ते तिला माहीत नव्हतं. नव्या वाफ्यापुढचा आकडा कधीकधी हलायचा. ती यंत्रं असतात हे आता तिला माहीत होतं. तरी ती रोज बघायची.

एप्रिलमध्ये धुळ्याला नात्यात लग्न होतं. जेवणं झाल्यावर, आईला मांडवात बायकांमध्ये बसवून सुलक्षणा साक्री रोडला गेली. दुकानात बेबाबाई एकट्याच होत्या.

"ते शिरपूरले गयात, माल लेवाले," त्या म्हणाल्या. "बस ना. पानी पी."

सुलक्षणा त्याच स्टुलावर बसली. बेबाबाईंनी पाणी दिलं. उन्हाने रस्ता ओस होता.

"तू फोनवर भांडनी ना त्यासनासंगे, त्याना दुसरा दिनले त्यासनी माळावरथून जुना कॉम्प्युटर उतारा," बेबाबाई म्हणाल्या. "पुसा बिसा. चालू नही व्हत तो. दुकानवालाले दखाडा, तो म्हने भंगारमा दे."

"मग दिला?"

"नही दिधा. टेबलवर ठी दियेल शे. सकायले उठीसनी त्यानासमोर बसतस थोडा येळ, मंग दुकान उघाडतस."

सुलक्षणाने भांडं खाली ठेवलं. "त्याच्यातली हार्ड डिस्क चांगली असेल," ती म्हणाली, "तर ती काढून दुसरीकडे लावता येते. मी करून देते, सांगा त्यांना."

"सांगसू," बेबाबाई म्हणाल्या. "पन ते कोनले सांगाव नहीत. तूच येजो."

मांडवातून आईचा फोन यायला लागला होता. सुलक्षणा उठली, चपला घातल्या, आणि येते म्हणून बाहेर पडली. रिक्षा मिळेना, म्हणून ती उन्हातच चालत निघाली.